उसाच्या मळ्यातून दिवाणखान्यात

डिसेंबर १६८७ मध्ये हॅन्स स्लोन हा सत्तावीस वर्षांचा डॉक्टर जमैकाच्या किनाऱ्यावर उतरला. बेटाचा नवा गव्हर्नर ड्यूक ऑफ आल्बेमार्ल याचा खासगी वैद्य म्हणून तो आला होता. ड्यूक वर्षभरातच वारला आणि १६८९ मध्ये स्लोन इंग्लंडला परतला. तेवढ्या काळात त्याने बेटावर पायपीट करून सुमारे आठशे वनस्पतींचे नमुने गोळा केले होते. त्या भटकंतीचा वृत्तान्त पुढे दोन जाडजूड खंडांत छापला गेला, पहिला १७०७ मध्ये आणि दुसरा १७२५ मध्ये. पहिल्या खंडात उसासारखी पेरं असलेल्या एका झाडाची नोंद आहे. या झाडाचं कांडं सुरीनं कापून त्याला जिभेचं टोक नुसतं टेकवलं, तरी भयंकर वेदना होतात, लाळेच्या ग्रंथी सुजतात, माणसाला बोलता येत नाही आणि सूज उतरेपर्यंत तोंडातून लाळ गळत राहते, असं स्लोन लिहितो. बेटावरचे इंग्रज या झाडाला ‘डंब केन’ म्हणत.

आज हेच झाड पुणे-सोलापूर रस्त्यावर, सोरतापवाडी आणि उरुळी कांचनच्या रोपवाटिकांत ओळीनं मांडलेलं दिसतं. हिरव्या रुंद पानांवर पांढरे-पिवळट शिंतोडे, खाली जाडसर कांडं. बँकेच्या दारात, दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात, सदनिकेच्या जिन्यात, दिवाणखान्यातल्या सोफ्याशेजारी त्याची कुंडी असते. त्याला ऊन फार लागत नाही, पाणी विसरलं तरी ते तग धरतं आणि वर्षभर हिरवं राहतं. रोपवाटिकेत त्याचं नाव डिफेनबेकिया. कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेचा उष्ण, दमट भाग हे त्याचं माहेर. तिथून इथपर्यंतच्या वाटेवर साखर आहे, गुलामगिरी आहे, एका सम्राटाची बाग आहे आणि विसाव्या शतकातला एक अत्यंत काळा अध्याय आहे. या झाडाबद्दल ज्यांनी लिहिलं, त्यांची नावं ग्रंथांत नीट जपली गेली. ज्यांनी ते स्वतःच्या तोंडात सोसलं, त्यांच्यापैकी कुणाचंही नाव त्या ग्रंथांत नाही. म्हणूनच या झाडाचा इतिहास पुन्हा सांगायला हवा.

आधी झाडाकडेच नीट पाहू. डिफेनबेकिया सुरणकुळातलं आहे, म्हणजे आपलं वडीचं अळू, सुरण आणि रानात पावसाळ्यात उगवणारा शेवळा यांचं हे भाऊबंद. अळूच्या फतफत्यात चिंच किंवा आमसूल का घालायचं, हे कोकणात किंवा देशावर कुणाला सांगावं लागत नाही. आंबट पडलं नाही तर घसा खवखवतो. त्या खाजेचं कारण आणि डिफेनबेकियाच्या दाहाचं कारण मुळात एकच, फक्त डिफेनबेकियात ते अतिशय तीव्र असतं. त्याच्या पानाचा किंवा कांड्याचा पातळ काप पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर इतर पेशींहून वेगळ्या, लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी दिसतात. प्रत्येकीत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांचा जुडगा असतो. सुयांभोवतीचा चिकट द्रव पाणी शोषून फुगतो, पेशीचं टोक फुटतं आणि सुया एकामागून एक बाहेर फेकल्या जातात.

या सुया तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेत रुततात. १९७२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याच कुळातल्या, कॅरिबियन बेटांवर खाल्ल्या जाणाऱ्या एका कंदाच्या सुयांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेली छायाचित्रं प्रसिद्ध झाली. सुईला लांबीभर खाच होती आणि कडेला उलटे काटे होते. त्याच वर्षी डिफेनबेकियाच्या रसायनांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रथिनं तोडणाऱ्या एका विकराचं वर्णन होतं आणि त्याला संशोधकांनी ‘डंबकेन’ असंच नाव दिलं. सुईनं जखम करायची आणि त्या जखमेतून दाहक द्रव्य आत शिरायचं, असा हा दुहेरी मार आहे. जंगलात पानं खाणाऱ्या प्राण्यांपासून झाड स्वतःला असं वाचवतं.

माणसानं मात्र त्याचे भलतेच उपयोग शोधले.

स्लोन जमैकात उतरला तेव्हा ते बेट इंग्रजांच्या ताब्यात येऊन तीस-बत्तीस वर्षं झाली होती. १६५५ मध्ये इंग्रजांनी ते स्पेनकडून घेतलं होतं. ऊस या भागात आणला होता कोलंबसानं, १४९३ च्या दुसऱ्या सफरीत. पुढच्या शतकात जमैका हे ब्रिटिश साम्राज्यातलं साखरेचं सर्वांत मोठं आगर झालं. त्यासाठी आफ्रिकेतून सुमारे दहा लाख माणसं जहाजांतून आणून या बेटावर उतरवली गेली. १८३४ मध्ये कायद्यानं गुलामगिरी संपली, तेव्हा बेटावर गुलामीत असलेल्यांची संख्या जेमतेम तीन लाख अकरा हजार होती. दीडशेहून अधिक वर्षं माणसं आणत राहूनही, पिढ्या जन्मत असूनही, शेवटी शिल्लक उरलेला आकडा हा. उसाच्या मळ्यावर माणूस किती झपाट्यानं झिजत होता, ते या दोन आकड्यांतून कळतं.

साखर शिजवण्याचं काम ऊसतोडीपेक्षाही अवघड. तोडलेला ऊस लगेच गाळावा लागे, नाहीतर रस आंबे. म्हणून हंगामात गाळपघर आणि शिजवणघर रात्रंदिवस चालत. चरकात हात अडकला तर तो तोडून माणूस वाचवता यावा, म्हणून जवळच कुऱ्हाड ठेवलेली असे. शिजवणघरात तांब्याच्या कढयांची ओळ असे, मोठीकडून लहानीकडे. रस एका कढईतून दुसरीत पळीनं ओतत न्यायचा, वर आलेली मळी काढत राहायची आणि शेवटच्या, सर्वांत लहान आणि सर्वांत तापलेल्या कढईत पाक तयार झाला की नेमक्या क्षणी बाहेर काढायचा. तो क्षण ठरवणारा मुख्य शिजवणारा बहुधा गुलामच असे. तो अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पाकाचा थेंब घेऊन तार ओढून पाही. ज्यानं कोल्हापूर-सांगलीकडच्या गुऱ्हाळात काहिलीजवळ उभ्या असलेल्या गुळव्याला पाहिलं आहे, किंवा दिवाळीत आजीला एकतारी पाक तपासताना पाहिलं आहे, त्याला ही कला किती वर्षांच्या सरावानं येते ते ठाऊक आहे. जमैकातला तो कारागीर हे कसब कमावत असे, पण त्याची मालकी दुसऱ्याकडे होती.

याच शिजवणघरात आपलं झाड आलं. रस स्वच्छ करण्यासाठी त्यात चुना घालत. आपल्याकडेही गुऱ्हाळात भेंडीचा रस आणि चुन्याची निवळी वापरतात. पण कधीकधी उसाचा रस फार चिकट निघे आणि नुसत्या चुन्यानं त्याचा दाणा बसत नसे. अशा वेळी डंब केनचं कांडं वापरून साखरेचा दाणा बसवत, असं अठराव्या शतकातल्या जमैकाच्या वनस्पतींवरच्या लेखनात सांगितलं आहे. ओल्या, सावलीच्या जागी वाढणारं हे झाड कापून आणायचं, त्याचं कांडं हाताळायचं, उकळत्या रसाजवळ न्यायचं, हे सगळं गुलामांच्याच हातून होई. त्याचा चीक कातडीला लागला तरी आग होते आणि डोळ्यात उडाला तर त्याहून वाईट.

आणि मग शिक्षा. डंब केनचं कांडं गुलामांना जबरदस्तीनं चावायला लावत, किंवा त्यांच्या तोंडात त्याचा रस चोळत, ही नोंद या झाडावरच्या वैद्यकीय आणि वनस्पतिशास्त्रीय लेखनात पुन्हा पुन्हा येते. वैद्यकाच्या इतिहासाला वाहिलेल्या एका अमेरिकी नियतकालिकात १९५५ मध्ये डिफेनबेकियाच्या विषबाधेचा जो सविस्तर आढावा आला, त्यातही ती आहे. उलट बोलणाऱ्याला, तक्रार करणाऱ्याला काही तास किंवा काही दिवस बोलताच येऊ नये, अशी ही शिक्षा होती. चाबकाचे वळ पाठीवर दिसतात. या शिक्षेची खूण अंगावर फार काळ राहत नसे. तिच्यातली क्रूरता वेदनेत तर होतीच, शिवाय ज्यांच्याकडून नाव, भाषा आणि कुटुंब आधीच हिरावलं होतं, त्यांचा आवाजही काही काळ काढून घेण्यात होती.

स्लोन स्वतः मळ्यांवरच्या शिक्षांबद्दल लिहितो तेव्हा त्याचा स्वर थंड आहे. बंड करणाऱ्याला जिवंत जाळणं, पळून जाणाऱ्याचा पाय अर्धा तोडणं, फटके मारून सोललेल्या पाठीवर मीठ-मिरी चोळणं या गोष्टी त्यानं हवामानाच्या नोंदींसारख्याच शांतपणे लिहिल्या. त्याच ग्रंथात तो हेही सांगतो, की त्यानं बेटावरच्या युरोपीय, मूळनिवासी (‘इंडियन’) आणि काळ्या रहिवाशांकडून वनस्पतींची माहिती घेतली. म्हणजे त्याच्या ज्ञानात गुलामांचा वाटा होता आणि तो त्यालाही माहीत होता. पुढे १६९५ मध्ये त्यानं जमैकातल्या एका मळेवाल्याच्या विधवेशी लग्न केलं आणि त्या मळ्यांचं उत्पन्न त्याच्या घरात येऊ लागलं. त्या पैशाचाही हातभार लागून जमलेला त्याचा प्रचंड संग्रह, १७५३ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर, ब्रिटिश म्युझियमचा पाया ठरला. २०२० मध्ये संग्रहालयानं त्याचा अर्धपुतळा नव्या कपाटात हलवून त्याच्यासोबत गुलामगिरीशी असलेलं त्याचं नातं सांगणारा मजकूर लावला.

कॅरिबियन आणि त्याच्या आसपासची अशी कितीतरी झाडं आज महाराष्ट्राच्या अंगणात आहेत आणि त्यांच्यामागचा इतिहासही असाच गळून पडला आहे. देवळाच्या आवारातला खुरचाफा अमेरिकेतून आलेला आहे. त्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया हे शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच संन्याशावरून पडलं. तो १६८९ ते १६९७ या काळात तीनदा अँटिलिस बेटांवर वनस्पती शोधायला गेला होता. कुंपणाला लावलेला शंकासुर, त्या लाल-पिवळ्या फुलांचा, हाही तिकडचाच. मारिया सिबिला मेरियन ही चित्रकार १६९९ मध्ये सुरिनामला गेली होती. १७०५ च्या आपल्या ग्रंथात तिनं लिहिलं, की आपली मुलं गुलाम म्हणून जन्मू नयेत यासाठी तिथल्या गुलाम स्त्रिया शंकासुराच्या बिया घेऊन गर्भ पाडतात, आणि हे त्या स्त्रियांनी तिला स्वतः सांगितलं. लोंडा शीबिंगर या इतिहासकार बाईंनी २००४ च्या ‘प्लांट्स अँड एम्पायर’ या पुस्तकात दाखवलं आहे, की शंकासुर युरोपभरच्या बागांत शोभेचं झाड म्हणून पोहोचला, पण त्याच्या या उपयोगाची माहिती युरोपच्या औषधशास्त्रात शिरलीच नाही.

क्वचित कुणाचं नाव टिकलंही. सुरिनाममधल्या क्वासी या गुलामानं तापावर वापरलेल्या कडू झाडाला कार्ल लिनियसनं ‘क्वासिया’ हे नाव दिलं. पण असा क्वासी एखादाच.

डिफेनबेकियाचं नाव गेलं ते व्हिएन्नाच्या बागेकडे. राणी मारिया थेरेसाचा पती सम्राट फ्रान्झ पहिला याला आपल्या शोनब्रुन राजवाड्याच्या बागेत उष्ण प्रदेशातल्या दुर्मीळ वनस्पती हव्या होत्या. त्यासाठी त्यानं निकोलाउस योसेफ याकें या तरुण वैद्याला कॅरिबियन बेटांवर पाठवलं. याकें १७५५ ते १७५९ या काळात मार्टिनिकपासून जमैकापर्यंत आणि पुढे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत हिंडला. परत आल्यावर १७६० मध्ये त्यानं कॅरिबियन बेटांवरच्या वनस्पतींची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत हे झाड ‘आरम सेग्विने’ म्हणून आहे. शास्त्रीय नावाच्या पद्धतीत त्याची पहिली अधिकृत नोंद ही.

आजचं नाव त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी मिळालं. हाइनरिख विल्हेल्म शॉट हा शोनब्रुनचाच माणूस. ऑस्ट्रियाची राजकन्या लिओपोल्डिना पोर्तुगालच्या राजपुत्राशी लग्न होऊन १८१७ मध्ये ब्राझीलला गेली, तेव्हा तिच्यासोबत निघालेल्या वैज्ञानिक मोहिमेत शॉट होता. १८२१ मध्ये तो परतला तो सुरणकुळाचं वेड डोक्यात घेऊन. उरलेलं सारं आयुष्य त्यानं या एका कुळाला दिलं. १८२९ मध्ये त्यानं या कुळातल्या अनेक नव्या प्रजातींची नावं जाहीर केली, तीही ‘व्हिएन्नाचं कला, साहित्य, नाटक आणि फॅशन यांचं नियतकालिक’ अशा नावाच्या एका प्रकाशनात. फिलोडेंड्रॉन हे नाव तिथलंच आणि डिफेनबेकियाही तिथलंच. शोनब्रुनच्या बागेची देखभाल पाहणाऱ्या योसेफ डिफेनबाख या मुख्य माळ्याच्या सन्मानार्थ त्यानं ते ठेवलं.

एका कष्टाळू माळ्याचं नाव झाडाला मिळावं यात वावगं काहीच नाही. शॉटच्या कामाचा दर्जाही वादातीत आहे. त्यानं चित्रकारांकडून या कुळाची तीन हजारांहून अधिक चित्रं करून घेतली आणि ती आजही व्हिएन्नात अभ्यासली जातात. पण जमैकाच्या ओढ्याकाठी, मळ्याच्या कडेला ज्या झाडानं माणसांची तोंडं सुजवली, त्याला व्हिएन्नातल्या माळ्याचं नाव मिळताच त्याचा साखरेशी असलेला संबंध वाचकांच्या नजरेआड गेला. बागकामाच्या पुस्तकांत मग पानांचे रंग उरले आणि पाणी किती घालावं हे उरलं.

एकोणिसाव्या शतकात झाडं जगभर फिरवणं सोपं झालं. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरला १८२९ च्या सुमारास लक्षात आलं, की बंद काचेच्या भांड्यात रोप स्वतःच्याच ओलाव्यावर महिनोन्महिने जगतं. त्यातून निघालेल्या काचेच्या पेट्यांनी खाऱ्या वाऱ्यातून रोपं सुखरूप नेता येऊ लागली. १८४५ मध्ये ब्रिटननं काचेवरचा कर उठवला आणि काचघरं मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. फुलांपेक्षा पानांसाठी झाडं ठेवायची हौस युरोपात याच काळात वाढली. डिफेनबेकियाची तर एकच कांडी पुरते. तिचे तुकडे करून ओल्या मातीवर आडवे ठेवले, की प्रत्येक पेरातून नवं रोप फुटतं. आपण उसाचं बेणं लावतो तसंच.

यानंतरचा अध्याय जर्मनीतला. ड्रेस्डेनजवळच्या राडेबॉयल इथं गेरहार्ड माडाउस याची वनस्पतिजन्य आणि होमिओपॅथिक औषधांची कंपनी होती. दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासी समाजांत या झाडाचा वापर वंध्यत्व आणण्यासाठी होतो, असे उल्लेख त्याच्या वाचनात आले होते. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं उंदरांसारख्या प्राण्यांवर प्रयोग केले आणि १९४१ मध्ये ते प्रसिद्ध केले. ऑक्टोबर १९४१ मध्ये आडोल्फ पोकोर्नी या डॉक्टरनं तो निबंध वाचून नाझी नेता हाइनरिख हिमलर याला पत्र लिहिलं. जर्मनीच्या कैदेत असलेल्या तीस लाख सोव्हिएत युद्धकैद्यांना या वनस्पतीच्या रसानं निर्बीज करता येईल, म्हणजे त्यांच्याकडून काम करून घेता येईल आणि त्यांना मुलं होणार नाहीत, अशी ती सूचना होती. माडाउसनं यापुढे काही प्रसिद्ध करू नये आणि झाडाची लागवड लगेच काचघरांत सुरू करावी, असंही त्यानं सुचवलं.

हिमलरच्या यंत्रणेनं ते गंभीरपणे घेतलं. माडाउसशी संपर्क साधला गेला. ऑगस्ट १९४२ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका नाझी पदाधिकाऱ्यानं लाकेनबाखच्या छावणीतल्या रोमा लोकांवर प्रयोग करण्याचा प्रस्ताव पाठवला. पण उष्ण कटिबंधातलं हे झाड जर्मनीच्या काचघरात फार हळू वाढत होतं. हवा तेवढा रस मिळण्याची शक्यता दिसेना आणि तो मार्ग मागे पडला. आउशवित्झमध्ये मग क्ष-किरणांनी आणि रसायनांची इंजेक्शनं देऊन स्त्री-पुरुषांना निर्बीज करण्याचे अमानुष प्रयोग झाले. न्यूरेंबर्गच्या डॉक्टरांवरच्या खटल्यात, जो डिसेंबर १९४६ ते ऑगस्ट १९४७ असा चालला, तेवीस आरोपींत पोकोर्नीही होता. हिमलरला अधिक घातक पद्धतींपासून दूर नेण्यासाठी आपण हे पत्र लिहिलं, असा त्याचा बचाव न्यायालयाला पटला नाही. त्याच्या सूचना अमानुष होत्या, असं न्यायालयानं म्हटलं. पण त्यांवरून माणसांवर प्रयोग झाल्याचा पुरावा नसल्यामुळे त्याला निर्दोष सोडलं. त्याच युद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, शॉटनं जमवलेला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आगीत नष्ट झाला. चित्रं तेवढी वाचली.

मळेवाल्यानं गुलामाकडे आणि पोकोर्नीनं युद्धकैद्याकडे एकाच नजरेनं पाहिलं. काम करणारे हात हवेत, पण त्या माणसाची वाचा आणि त्याचा वंश नको. दोन शतकांचं आणि अर्ध्या जगाचं अंतर असूनही, त्या दोघांच्याही हाती हेच झाड आलं.

युद्धानंतर डिफेनबेकियाचं जे रूप जगभर पसरलं, ते अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात घडलं. ऑरलँडोजवळचं अपॉप्का हे गाव घरात ठेवायच्या पानझाडांची राजधानी म्हणून मिरवतं. तिथल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात रिचर्ड हेनी या शास्त्रज्ञानं या झाडाचे संकर करण्याचं किचकट काम केलं. अडचण अशी, की एकाच दांड्यावर खाली मादी फुलं आणि वर नर फुलं असतात, आणि मादी फुलं तयार होतात तेव्हा नर फुलांत पराग नसतो. पराग येतो तोवर मादी फुलांची वेळ टळलेली असते. म्हणून एका झाडाचा पराग कुंचल्यानं दुसऱ्या झाडावर न्यावा लागतो आणि हवेत भरपूर दमटपणा राखावा लागतो. त्यात ही झाडं हवी तेव्हा फुलतही नाहीत. जिबरेलिक आम्ल फवारलं की ती फुलतात, हे हेनीनं १९८० मध्ये दाखवलं आणि संकराचं काम वेळापत्रकावर आलं. त्यानंतर बुटके, दाट, मोठ्या पांढुरक्या पानांचे वाण एकामागून एक आले. आता ऊती संवर्धनानं प्रयोगशाळेतल्या बाटल्यांत त्यांची लाखो एकसारखी रोपं होतात.

महाराष्ट्रात या झाडाची दुसरी ओळख होमिओपॅथीच्या दुकानात आहे. ‘कॅलेडियम सेग्विनम’ नावाच्या बाटलीवर छापलेलं नाव म्हणजे डिफेनबेकियाचंच एक जुनं शास्त्रीय नाव. तिसरी ओळख मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशातली. या झाडाचं पान चावलं तर लहान मूल मिनिटभरात आणि मोठा माणूस पंधरा मिनिटांत दगावतो, असं त्यात ठासून लिहिलेलं असतं. ते खरं नाही. १९९१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डिफेनबेकिया किंवा फिलोडेंड्रॉन तोंडात गेल्याच्या १८८ घटना तपासल्या होत्या. त्यांतल्या फक्त चौघांना लक्षणं दिसली आणि तीही किरकोळ. मुलं एक चावा घेतात, आग होते आणि ते थुंकून टाकतात. तरीही कुणी कांडं चावलं, घशाला सूज आली, श्वासाला त्रास होऊ लागला, तर तातडीनं डॉक्टरकडे जायलाच हवं. घरात रांगतं मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवावी आणि छाटणी करताना हातमोजे घालावेत. त्या खोट्या संदेशानं झाडाबद्दल भीती पसरवली, पण खरा इतिहास त्यात कुठेच नव्हता. माणसानं माणसाशी काय केलं ते सांगायचं सोडून त्यानं झाडालाच खुनी ठरवलं.

ब्राझीलमध्ये या झाडाची आणखी एक परंपरा आहे आणि ती गुलामीत आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी जपली आहे. अटलांटिक ओलांडून जिवंत पोहोचलेल्या गुलामांपैकी सर्वाधिक, सुमारे अठ्ठेचाळीस लाख, ब्राझीलमध्ये उतरवले गेले. तिथं गुलामगिरी कायद्यानं बंद झाली ती १३ मे १८८८ रोजी, अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. ब्राझीलमध्ये डिफेनबेकियाला ‘कोमिगो-निंगेम-पोदे’ म्हणतात. माझ्यापुढे कुणाचं काही चालत नाही, अशा अर्थाचं हे नाव आहे. दृष्ट लागू नये म्हणून ते दाराशी, दुकानाच्या उंबऱ्याजवळ लावतात. आफ्रिकी मुळं असलेल्या तिथल्या धर्मपरंपरांत त्याला रक्षक झाडाचा मान आहे.

बाजारात सात वनस्पतींची एक कुंडीही मिळते, घर राखण्यासाठी. तिच्यात युरोपातून गेलेली सताप आणि रोझमेरी असते, आशियातून गेलेली तुळशीची एक बहीण असते, अमेरिकेची मिरची असते, आपण स्नेक प्लांट म्हणतो ते पश्चिम आफ्रिकेचं झाड असतं. सहावं डिफेनबेकिया. सातव्या झुडपाला तिथं ‘गिने’ म्हणतात. ब्राझीलमधले गुलाम गिनेची मुळी थोडीथोडी मालकाच्या अन्नपाण्यात मिसळत, म्हणजे मालक सुस्तावे आणि त्याचा जोर ओसरे. म्हणून त्या झुडपाला ‘मालकाला माणसाळवणारं’ असंही नाव पडलं. कॅरिबियन मळ्यांवर मालकांनी गुलामांची वाचा बंद करायला वापरलेलं झाड आणि ब्राझीलच्या गुलामांनी मालकांना थंड करायला वापरलेलं झाड, अशी दोन्ही झाडं आज त्या एकाच कुंडीत विकली जातात.